एकच धरण, दोन संस्था: मासेमारीची मर्यादा दर वर्षी कशी ठरवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यात गोदावरी खोऱ्यातल्या एका मध्यम धरणावर दोन मच्छीमार सहकारी संस्था आहेत, एक भिंतीकडची आणि एक फुगवट्याकडची, म्हणजे धरणाचं पाणी मागे जिथवर पसरतं त्या वरच्या अंगाची. तीन वर्षांपासून मासळी घटते आहे. भिंतीकडच्या संस्थेच्या सचिवांनी विचारलंय, ‘मर्यादा घालायची तर माणशी किती किलोची घालावी? आणि आम्ही हात आखडला आणि वरच्यांनी उपसून नेलं, तर आम्हाला काय मिळालं?’

सचिव साहेब, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे. किलोचा आकडा कुणीही काढून देईल. तो पाळायचा का, हे मात्र शेजारी तो पाळतोय की नाही यावर ठरतं.

तुमच्या गावाकडे कुणी बागलाणचे पाहुणे असतील तर त्यांना फड पद्धतीबद्दल विचारा. मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते आणि बहुतेक शेतकऱ्यांचा एकेक तुकडा जवळपास प्रत्येक फडात असतो. पाऊस चांगला झाला तर सगळे फड भिजतात. पाणी कमी असलं तर सगळे बसून ठरवतात, यंदा दोनच फड. ज्याचा तुकडा भिजला त्याचाच दुसरा तुकडा कोरडा राहतो, त्यामुळे तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो आणि भांडायला जागा उरत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. ही व्यवस्था काही शतकं टिकली, कारण त्यांनी पाणी कधी लिटरात वाटलंच नाही. वाटा कायमचा ठरवला आणि एकूण किती वाटायचं हे पावसावर सोडलं.

मासळीचंही हेच आहे. युरोपातल्या देशांनी 1983 साली आपापसात टक्केवारी ठरवून घेतली: या समुद्रातल्या या माशात अमक्या देशाचा इतका हिस्सा. दर डिसेंबरला त्यांचे मंत्री बसतात, रात्र-रात्र घासाघीस होते, पण ती टनांवर. टक्क्यांना सहसा कुणी हात लावत नाही. आता उलट उदाहरण. उत्तर अटलांटिकमधला मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ, 2007-08 नंतर वायव्येकडे, आइसलँडच्या पाण्यात जास्त दिसू लागला. आइसलँड आणि फॅरो बेटं म्हणाली, मासा आता आमच्या दारात आहे, आम्हाला मोठा वाटा हवा. बाकीच्यांनी नकार दिला. मग ज्याने त्याने आपापला कोटा जाहीर केला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर गेली. 2019 मध्ये त्या मासेमारीचं टिकाऊपणाचं प्रमाणपत्रही स्थगित झालं. मोजमाप तिथे चोख होतं, सल्लाही दर वर्षी वेळेवर येत होता. वाट्याचा करार नव्हता, एवढंच.

तुमच्याकडे पावसाळ्यात मासा फुगवट्याकडे चढतो आणि उन्हाळ्यात भिंतीजवळच्या खोल पाण्यात उतरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये वरचे म्हणतील मासा आमचा, एप्रिलमध्ये तुम्ही म्हणाल आमचा. दोघंही खरं बोलत असता. म्हणून पहिलं काम दोन्ही संस्थांचा एकत्र लेखी ठराव. वाटा सभासदसंख्येवर ठरवा, बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली माशांची पिल्लं, सोडायला कुणी किती पैसे घातले त्यावर ठरवा किंवा दोन्हींचा मेळ घाला, पण पाच वर्षं तो बदलायचा नाही. साठ-चाळीस की पंचावन्न-पंचेचाळीस याच्यावर भांडण होणारच, ते एकदाच पोटभर होऊ द्या.

आता किलो. किलोची मर्यादा घालू नका. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. बरीच वर्षं याच कामात काढली, आणि त्यात एका जलाशयावर, नाव सांगत नाही, मीच सभासदामागे रोज पंधरा किलोची मर्यादा सुचवली होती. दुसऱ्या आठवड्यात पहाटे काठावर गेलो. ट्रकच्या ट्यूबवर बसून एक जण जाळं काढत होता. पिशवीत कटले आणि रोहू, सगळे किलोच्या वरचे. पाण्यावर मात्र तीनशे-चारशे ग्रॅमचे मासे उलटे होऊन तरंगत होते, गवताच्या कडेला पन्नास-साठ तरी असतील. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, “साहेब, पंधराच किलो न्यायचे तर बारके कशाला नेऊ? बारक्याला भाव नाही.” जाळ्यात कल्ला अडकलेला मासा सोडला तरी जगत नाही. वहीत पंधरा किलो लागले, पाण्यातून पंचवीस गेले. शिवाय ज्यांना जास्त मिळालं त्यांनी ते रात्री हायवेवरच्या ढाब्यांना घातलं, त्याची नोंद कुठेच नाही. महिनाभरात मी स्वतःच ती मर्यादा मागे घ्यायला सांगितली. समुद्रावरच्या मोठ्या बोटींवर निरीक्षक आणि कॅमेरे ठेवूनही हा प्रकार पुरता थांबत नाही, मग आपल्याकडे पंचवीस ठिकाणांहून मासळी काठाला लागते, तिथे कोण वजन करत बसणार?

मोजायची ती जाळी. तंगुसाची (नायलॉनच्या दोऱ्याची) जाळी किती, किती रात्री पाण्यात आणि आस, म्हणजे जाळ्याचं भोक, केवढा, या तीन गोष्टी काठावर उभं राहून दिसतात. दोन संस्थांच्या वाट्याचे टक्के या जाळ्यांना लावा. प्रत्येक जाळ्याला संस्थेच्या रंगाचा आणि क्रमांकाचा बिल्ला. बिल्ला नसलेलं जाळं कुणाचंही असो, दोन्ही संस्थांनी मिळून काढायचं. पगारी जागल्याही दोघांचा मिळून एकच ठेवा. दोन ठेवलेत की ते एकमेकांवर पाळत ठेवतात, धरणावर नाही.

आसाबद्दल थोडं जास्त बोलतो. आपल्याकडे आस बोटांनी मोजतात, आणि बोटं माणसागणिक जाड-बारीक असतात. त्यामुळे ‘चार बोटी’ म्हणत तीन बोटी जाळं पाण्यात जातं. लाकडाची एक पट्टी करून घ्या, ठरलेल्या मापाची, आणि ती दोन्ही संस्थांच्या कार्यालयात टांगा. ओलं जाळं ताणून पट्टी आसातून गेली पाहिजे, नाही गेली तर जाळं बाहेर. माप किती, ते तुमच्या माशावरून ठरवा: किलोच्या आतला कटला-रोहू आरपार निघून जाईल एवढा आस हवा. दोन-तीन मापांची जाळी चार रात्री शेजारी-शेजारी लावून बघा, उत्तर समोर येईल.

हा हट्ट का, त्याचा हिशोब सोपा आहे. समजा तीनशे ग्रॅमचे हजार मासे आज काढले, तीनशे किलो झाले. तेच सहा महिने ठेवले, त्यातले पाव मेले किंवा पक्ष्यांनी-मरळीने खाल्ले आणि उरलेले नऊशे ग्रॅमचे झाले, तर पावणेसातशे किलो होतात. वर मोठ्या माशाला किलोमागे भाव जास्त. व्यापारी उचल देतो म्हणून बारका मासा काढावा लागतो, हे मला ठाऊक आहे. त्यावर पुढे बोलतो.

इथे एक फरक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि बहुतेक संस्था तो करत नाहीत. धरणातले मासे म्हणजे एकच साठा नव्हे. कटला, रोहू, मृगल हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. तुमच्या धरणात ते मुख्यतः तुम्ही सोडलेल्या बोटुकलीतून येतात. तिथे मर्यादेचा अर्थ ‘वाढू द्या’ एवढाच. बोटुकली दहा सेंटिमीटरच्या वरची सोडा. पैसे वाचवायला त्याहून लहान मत्स्यजिरे किंवा बीज सोडलं तर ते मरळ आणि शिंगाळ्यालाच खाऊ घातल्यासारखं आहे. तीन वर्षं मासळी घटतेय म्हणता, तर आधी त्या तीन वर्षांत काय आकाराची बोटुकली सोडली ते वहीत बघा. कित्येकदा दोष मासेमारीचा नसतोच.

मरळ, वाम, शिंगाळा, खडस यांचं वेगळं. हे इथले, इथेच वाढणारे. त्यांना कुणी बोटुकली आणून देत नाही. पहिल्या पावसाला ओढ्यात लाल पाणी आलं की चढणीचे मासे निघतात, आणि गाव टोपल्या, फेकजाळी, काठ्या, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यावर लोटतं. लहानपणी मीही त्यात होतो, चढणीच्या माशाची चव कशालाच नाही. पण पोट गाभोळीने फुगलेला मासा उथळ पाण्यात हाताने धरणं ही मासेमारी नव्हे, ते बियाणं खाणं आहे. किलोभराच्या रोहूच्या मादीत दोन लाखांवर अंडी असतात. जून ते ऑगस्ट जाळी बंद ठेवाच, पण त्याहून जास्त उपयोग होईल तो फुगवट्याच्या तोंडाशी मिळणारे ओढे त्या तीन महिन्यांत पूर्ण बंद ठेवण्याचा. हे ओढे वरच्या संस्थेच्या हद्दीत आहेत, म्हणजे त्याग त्यांचा आणि फायदा दोघांचा. ठराव करताना त्यांना त्याबद्दल काहीतरी द्या, चार-दोन टक्के जाळी जास्त द्या. फुकट राखण कुणी करत नाही.

एक खोल डोहही बारा महिने बंद ठेवा. ही कल्पना नवी नाही. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने मासे राखले जातात, तिथे जाळं टाकायची कुणाची छाती होत नाही. सगळीकडे देवीचा धाक चालत नाही, पण डोहाच्या चार टोकांना पांढरे कॅन तरंगत ठेवले तर निदान ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

आणि चिलापीला (तिलापिया) कसलीही मर्यादा नको. ती वर्षातून अनेकदा विते, पिल्लं तोंडात सांभाळते आणि गर्दी झाली की बोटभर आकारातच विऊ लागते. तिच्यासाठी काठाच्या उथळ पाण्यात बारीक आसाच्या जाळ्याची परवानगी हवी, ठरावीक दिवशी, जागल्या समोर असताना. ही पळवाट आहे, कबूल. बारक्या जाळ्यात कटल्याचं पिल्लूही येतं. पण चिलापी न काढणं त्याहून महाग पडतं, असं माझं मत आहे.

आता दर वर्षी फेरफार कसा करायचा. तुम्हाला एक वही लागेल, तिच्यात तीन रकाने: तारीख, जाळी, किलो. महिन्याच्या शेवटी किलोला जाळी-रात्रींनी भागा, म्हणजे दहा जाळी वीस रात्री लावली तर दोनशे. जो आकडा येईल तो तुमच्या धरणाची नाडी. जुनी वही नसेल तर व्यापाऱ्याच्या पावत्या काढा. अर्धवट असल्या तरी चालतील.

युरोपीय समुद्रांसाठी सल्ला देणारी आयसीईएस ही संस्था, ज्या माशांची माहिती तोकडी आहे त्यांच्यासाठी एक साधा नियम बरीच वर्षं वापरत होती. शेवटच्या दोन वर्षांची सरासरी घ्यायची, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने भागायचं, आणि जे गुणोत्तर येईल तितका बदल करायचा, पण एका वेळी वीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही, वरही नाही आणि खालीही नाही. ते हा नियम टनांना लावत, मी जाळ्यांच्या संख्येला लावतो. समजा पाच वर्षांचे आकडे 2.4, 2.2, 2.0, 1.5 आणि 1.3 किलो आहेत. शेवटच्या दोनांची सरासरी 1.4, आधीच्या तीनांची 2.2. घट छत्तीस टक्के. नियम म्हणतो वीसच कापा, म्हणजे दोनशे जाळ्यांची एकशे साठ. त्यातली साठ टक्के तुमची असतील तर शहाण्णव तुमची, चौसष्ट वरच्यांची. पुढच्या वर्षी पुन्हा गणित. वीसचं बंधन यासाठी की एकदम छत्तीस कापले तर सभासद ठराव फाडून टाकतील, आणि चांगलं वर्ष आलं म्हणून एकदम दीडपट केलीत तर दोन वर्षांची कमाई एका हंगामात जाईल.

पण या नाडीत एक फसवणूक आहे. एप्रिल-मेमध्ये धरण मृतसाठ्याकडे जातं, सगळा मासा एका डबक्यात गोळा होतो आणि जाळ्यामागे किलो वाढतात. सभासद खूश, ‘मासळी वाढली!’ वाढली नाही, कोंडली. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. उरलेला मासा थव्याने एकत्र येत होता, ट्रॉलरना जाळी भरून मिळत होती, आणि त्यावरून साठा ठीक आहे असं समजलं गेलं. 2 जुलै 1992 ला तिथे मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून आली होती, ती अधिकृतपणे उठली 2024 मध्ये, तीही अठरा हजार टनांच्या लहान कोट्याने. म्हणून आकडे तुलायचे ते त्याच महिन्याचे त्याच महिन्याशी, आणि शक्यतो तितक्याच पाणीसाठ्याचे. वहीत चौथा रकाना घाला: त्या दिवशीचा साठा टक्क्यांत. पाटबंधारे खात्याचा आकडा रोज पेपरात येतोच.

बैठकीची तारीख मी 15 ऑक्टोबर सुचवेन. नाशिकच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगायला नको. खालच्या जायकवाडी धरणात त्या दिवशी ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर समन्यायी वाटपाच्या सूत्राप्रमाणे वरच्या धरणांतून पाणी सोडायची पाळी येते. 2023 च्या नोव्हेंबरात गंगापूर आणि दारणा समूहातून ते सोडलंही गेलं. तुमच्या धरणातून पाणी जाणार असेल तर मासा नोव्हेंबरातच कोंडायला लागेल, हे त्या बैठकीत आधीच धरून चाला. साठा अमुक टक्क्यांखाली गेला की जाळी आपोआप निम्मी, हे ठरावात लिहून ठेवा. ऐनवेळी सभा बोलावलीत तर ठरत काही नाही, नुसती हातघाई होते.

फक्त एक अपवाद. पाणी खरोखर आटणारच असेल, गाळात मासा मरणार असेल, तर राखण्यात अर्थ नाही. सगळा काढा, वाट्याप्रमाणे वाटा, आणि त्यातले दहा टक्के पुढच्या बोटुकलीला बाजूला ठेवा.

पिल्लांचं प्रमाणही बघत जा. पेरूमध्ये अँकोव्हीच्या हंगामाआधी जहाजं ध्वनीयंत्राने साठा मोजतात. हंगाम चालू असताना बारा सेंटिमीटरखालची पिल्लं दहा टक्क्यांवर गेली की तेवढा भाग काही दिवस बंद. 2023 मध्ये तर पिल्लंच इतकी होती की उत्तर-मध्य भागातला पहिला हंगाम त्यांनी सोडून दिला. आपल्याला ध्वनीयंत्र परवडणार नाही, पण आठवड्यातून एकदा काठावर शंभर मासे पट्टीवर मोजायला एक पोरगा आणि अर्धा तास पुरतो. ठरलेल्या मापाखालचे दहापेक्षा जास्त निघाले तर तो कोपरा पंधरा दिवस बंद. समुद्रावर आपल्या राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवले, पापलेटला 135 मिलिमीटर. धरणातल्या संस्थांनी तसं स्वतःहून करायला कुणाची आडकाठी नाही.

राहिला उचलीचा प्रश्न. बंद काळात ज्या सभासदाकडे शेत नाही, तो जाळं टाकणारच. त्याला चोर म्हणून काही होत नाही. बांगलादेशात हिलशासाठी ऑक्टोबरात बावीस दिवस बंदी असते, तेव्हा सरकार मच्छीमार कुटुंबांना तांदूळ देतं. तो पुरत नाही अशी तक्रार असते, पण तांदळाशिवाय ती बंदी टिकली नसती. तुम्ही हंगामात किलोमागे दोन रुपये कापून वेगळ्या खात्यात टाका. जून ते ऑगस्ट त्या पैशातून आधी भूमिहीन सभासदांना द्या आणि जागल्यालाही त्यातूनच. व्यापाऱ्याची उचल एकेकट्याने घेण्याऐवजी संस्थेने घ्यावी, म्हणजे बारका मासा दे म्हणून तो कुणा एकाच्या मानेवर बसत नाही. मी पाहिलेल्या संस्थांत आसाची पट्टी तिथेच टिकली जिथे हे खातं होतं.

बाहेरचे लोक रात्री वीज सोडून किंवा औषध टाकून मासे मारतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्याला कोटा-मर्यादेचा उपाय नाही, तो गुन्हा आहे. फोटो, वेळ, जागा लिहून दोन्ही संस्थांच्या शिक्क्यानिशी एकच तक्रार पोलीस ठाण्यात आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात द्या. एका संस्थेने दिली की ती दुसऱ्या संस्थेविरुद्धची समजून बाजूला पडते, हे मी स्वतः पाहिलंय.

वरच्या संस्थेच्या अध्यक्षांशी तुमचं बोलणं बंद आहे असं तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. मग पहिली बैठक ना तुमच्या कार्यालयात घ्या ना त्यांच्या. काठावर घ्या, सकाळी मासळी लागते त्या वेळी, आणि सोबत दोन्हीकडच्या पावत्या आणि ती लाकडी पट्टी असू द्या. वाट्याचं बोलणं लगेच काढू नका. दोघांच्या जाळ्यांतले शंभर-शंभर मासे आधी पट्टीवर ठेवा.